बाजूच्या सीटचं वजन

उस्तादांच्या वर्कशॉपमध्ये वाळूचं एक पोतं होतं आणि त्याला सगळे ‘धाकटे उस्ताद’ म्हणत. नाव वेल्डरने ठेवलेलं. जाड कॅनव्हासचं, कोपऱ्यांत ठिगळं लावलेलं, मधोमध दोरीने आवळून कमरेसारखा आकार दिलेलं हे पोतं बरोबर उस्तादांच्या वजनाचं होतं. सस्पेन्शनची सेटिंग करायची असली की गाडीच्या चारही चाकांखाली एकेक वजनकाटा सरकवायचा, धाकट्या उस्तादांना दोघांनी मिळून ड्रायव्हरच्या सीटवर बसवायचं, बेल्ट लावायचा, आणि मग कुठल्या चाकावर किती भार पडतो ते बघत काम सुरू करायचं. रिकाम्या गाडीची सेटिंग करणं म्हणजे खुंटीला टांगलेल्या सदऱ्यावरून माणसाचं माप घेणं, असं उस्ताद म्हणत. गाडी चालणार ती माणसासकट, तेव्हा माणूस धरूनच ती तोलली पाहिजे.

गिऱ्हाईक हलकं असलं तर पोत्यातली वाळू काढत, जाड असलं तर भरत. काम झालं की पोतं पुन्हा उस्तादांच्या वजनावर आणून ठेवत. मधे उस्तादांचं पोट सुटलं तेव्हा वेल्डरने भर घालता घालता म्हटलं होतं, “धाकट्यांच्याही अंगाला लागतंय बरं का आता.”

बाजूच्या सीटवर मात्र कधी काही ठेवलं गेलं नाही. स्पोर्ट्स कारवाली माणसं बहुतेक एकटीच हिंडतात. शिवाय उस्ताद ज्यांच्याकडे हे काम शिकले त्यांच्याकडेही एकच पोतं होतं. पद्धत चालत आली तशी चालू राहिली, आणि तिच्यात काही उणं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

उस्तादांचं काम मोठं निगुतीचं. अशा गाड्यांना प्रत्येक चाकाशी एक नळकांडं असतं, शॉकअॅब्सॉर्बर आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली स्प्रिंग. ह्या जोडीला कॉइलओव्हर म्हणतात. नळकांड्याला बाहेरून आटे असतात. आट्यांवर एक रिंग, रिंगेवर स्प्रिंग टेकलेली. आकड्यासारखा पाना लावून रिंग वर चढवली की गाडी उचलते, खाली उतरवली की बसते. नळकांड्याच्या डोक्यावर एक लहानसं बटण असतं. ते टक्‌टक्‌ करत फिरवलं की धक्का बसल्यावर गाडीने किती लवकर सावरायचं ते ठरतं. बाकी काही नाही. पण ह्या रिंगा आणि बटणांपायी उस्तादांचे केस पांढरे झाले होते, आणि वाकून वाकून मान पुढे आली होती. दूरदूरची माणसं आपल्या बसक्या, गुरगुरणाऱ्या गाड्या घेऊन त्यांच्याकडे येत आणि जाताना गाडीऐवजी मांजरावर बसून चालल्यासारखी खूश होऊन जात.

त्यांची स्वतःची गाडी दोन सीटांची. भंगारात निघालेली गाडी आणून त्यांनी ती तुकड्या-तुकड्याने उभी केली होती. तरुणपणी हौस म्हणून इतकी खाली बसवली होती की चाक आणि पत्रा यांच्यामध्ये बोटसुद्धा शिरत नसे. गाडी तयार झाली त्या दिवशी पहिली फेरी मारायला ते काकूंना घेऊन निघाले. काकू म्हणजे त्यांची बायको. वर्कशॉपातली माणसं आणि शेजारीपाजारी तिला काकूच म्हणत. गल्लीच्या तोंडाशी पहिला स्पीडब्रेकर आला, आणि गेल्यावर काकू म्हणाल्या होत्या, “अहो, दोनदा लागतं हो.”

“काय लागतं?”

“आधी मऊ, आणि मग खालून एकदम टणक. पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं.”

उस्ताद मोठ्याने हसले होते. “अगं, स्पोर्ट्स कार आहे ही. पाळणा नव्हे!”

हे वाक्य त्यांचं त्यांनाच इतकं आवडलं की पुढे कितीतरी वर्षं ते गिऱ्हाइकांना सांगत राहिले. कुणी नवखा गाडी फार आदळते म्हणून कुरकुरला की वेल्डर लांबूनच ओरडायचा, “उस्ताद, सांगा ह्यांना, पाळणा नव्हे!” आणि सगळे हसत.

काही दिवसांनी काकूंनी विचारलं, “निदान धरायला तरी काही लावता का?” हे मात्र उस्तादांनी अगदी मनावर घेतलं. उत्तम चामडं आणलं, दुहेरी करून हाताने शिवलं, कडा मेणाने घासल्या, आणि बाजूच्या दाराला आतून दोन स्क्रूंनी पट्टा बसवला. पट्टा काकूंना आवडला असावा असं उस्ताद धरून चालले, कारण त्यानंतर काकूंनी तक्रार म्हणून केली नाही.

बरीच वर्षं काकू तो पट्टा धरून सगळीकडे, मुलीच्या घरीही, गेल्या; मग मात्र गाडीत बसायच्याच बंद झाल्या. भांडण नाही, रुसवा नाही. कुठे जायचं असलं की म्हणायच्या, “तुम्ही पुढे व्हा, मी बसने येते.” उस्ताद पुढे होत. लग्नाला, बारशाला, कुणाला भेटायला इस्पितळात, दोघं वेगवेगळी पोचत. उस्ताद आधी जाऊन शेजारची खुर्ची रुमाल टाकून धरून ठेवत आणि कुणी विचारलं तर सांगत, “तिला गाडी लागते.” लोक हळहळत. मग घामेजलेल्या, पर्स पोटाशी धरलेल्या काकू येत, रुमाल घडी करून उस्तादांच्या हातात देत आणि बसत. त्यांना गाडी कधीच लागत नव्हती. बसमध्ये मागच्या सीटवर बसून त्या खुशाल पेपर वाचत यायच्या. पण नवऱ्याने चारचौघांत सांगितलेलं त्यांनी कधी खोडलं नाही.

मुलीला बाळ झालं तेव्हा काकू तिच्याकडे राहायला गेल्या, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. चार दिवसांसाठी म्हणून गेलेल्या, त्या बाळाला उचलता उचलता कंबर धरून बसल्या. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. आठवड्यांचे महिने झाले. उस्ताद रविवारी जाऊन भेटून येत. घरी आल्यावर दिवे लावत आणि टेबलावर पोळीभाजीचा डबा उघडून उभ्या-उभ्याच जेवत. घर इतकं गप्प झालं होतं की फ्रिज सुरू झाला तरी ते वळून बघत.

आणि एका सकाळी काकूंचा फोन आला. “डॉक्टर म्हणाले, आता घरी जायला हरकत नाही. रविवारी येते.”

“मी घ्यायला येतो.”

“नको. मी टॅक्सीने येईन.”

“टॅक्सीने कशाला? मी आहे ना.”

“अहो, कंबर आत्ता कुठे जागेवर आलीय. त्या गाडीत नको.”

“मऊ करून आणतो,” उस्ताद म्हणाले. “लोकांच्या करतो, तुझ्यासाठी करणार नाही होय? पाळणा करतो, पाळणा!”

काकू हसल्या नाहीत. “बघा,” म्हणाल्या.

उस्तादांना ते ‘बघा’ दिवसभर टोचत राहिलं. बायकोने आपल्याच घरी भाड्याच्या गाडीतून यावं, आणि आपण फाटकात उभं राहून पाहुणीची घ्यावी तशी तिची बॅग उतरवून घ्यावी, हे चित्र काही केल्या त्यांना सोसेना. तिने ह्याच गाडीत, आपल्या शेजारी बसून घरी यायला हवं. एवढं झालं की मधलं सगळं भरून निघेल, असं काहीसं त्यांच्या मनाने घेतलं.

ते कामाला लागले. गाडी काट्यांवर चढवली, धाकट्या उस्तादांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, चारही बटणं मऊच्या बाजूला नेली. प्रत्येक नळकांड्याच्या चकचकीत दांड्याला त्यांनी केबल बांधायची प्लास्टिकची पट्टी घट्ट वेढून ठेवली. गाडी जितकी दबेल तितकी ही पट्टी वर सरकते आणि तिथेच राहते. धक्का कुठवर पोचला ते मागाहून कळतं. मग एकट्यानेच रस्त्यावर नेऊन आणली. गाडी तळ्यात सोडलेल्या होडीसारखी झुलत गेली. उस्तादांचा जीव भांड्यात पडला.

“लोणी!” ते वेल्डरला म्हणाले.

“काकू येणार म्हटल्यावर लोणीच व्हायला पाहिजे,” वेल्डर म्हणाला. “नाहीतर तुमचं काही खरं नाही.”

रविवारी मुलीच्या दारात सगळे निरोपाला उभे होते. काकू एक हात कमरेवर ठेवून सावकाश गाडीत शिरल्या, पाठीमागे उशी सारली, पट्टा धरला. नातीने आजीचा गॉगल ओढला, जावयांनी बॅग डिकीत ठेवली, आणि गाडी निघाली. उस्ताद अगदी जपून चालवत होते. गल्लीच्या टोकाला स्पीडब्रेकर होता. पुढची चाकं चढली, उतरली, आणि गाडीच्या पोटातून एक बोदा आवाज आला. उस्तादांना तो जेमतेम कळला. काकूंच्या तोंडून मात्र श्वास एकदम बाहेर पडला.

“थांबवा.”

“अगं, पण…”

“थांबवा म्हणते ना.”

त्यांनी गाडी कडेला घेतली. काकूंनी दार उघडलं, छताला धरून आधी एक पाय, मग दुसरा असं करत त्या बाहेर आल्या आणि क्षणभर तशाच वाकून उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. रागावल्या असत्या तर उस्तादांना बरं वाटलं असतं.

“तुम्ही पुढे व्हा,” त्या म्हणाल्या. “मी येईन मागाहून.”

आणि भिंतीचा आधार घेत घेत त्या मुलीच्या घराकडे परत चालू लागल्या.

उस्ताद पुढे झाले नाहीत. गाडी तिथेच ठेवून त्यांच्या मागे गेले. काकूंना आतल्या खोलीत आडवं करून मुलगी स्वयंपाकघरात आली, ती रागाने भरलेलीच.

“बाबा, तिने सांगितलं होतं ना टॅक्सीने येते म्हणून?”

“अगं, मी स्वतः चालवून बघितली. काहीसुद्धा लागत नाही.”

“तुम्हाला नाही लागत. तुम्ही कधी त्या बाजूला बसलाय?”

“म्हणजे काय!” उस्ताद म्हणाले. ते आठवू लागले. गाडी उभी करताना ते तिच्याखाली झोपले होते, डिकीत शिरले होते, छतावर चढले होते. बाजूच्या सीटवर हत्यारं ठेवली होती, डबा ठेवला होता. पण बसून, दार लावून, रस्त्याने? गाडी त्यांची. दुसऱ्या कुणाच्या हातात ती दिलीच नव्हती कधी.

जावई शाळेत भूगोल शिकवायचे आणि सायकल चालवल्यासारखी मोटार चालवायचे. ते दारात उभे राहून हे ऐकत होते. उस्तादांनी खिशातून किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली.

“चला. तुम्ही चालवा.”

“मी? बाबा, ह्या गाडीत शिरायचं कसं तेच मला माहीत नाही.”

“आधी बसा, मग पाय आत घ्या. डोकं सांभाळा.”

जावयांनी डोकं आपटून घेतलंच. गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा ती गचके खात निघाली आणि उस्तादांचा हात नकळत दारावरच्या पट्ट्याकडे गेला. स्पीडब्रेकर आला. आधी मऊ. उस्तादांना वाटलं, झालं, गेला. आणि मग खालून काहीतरी टणक असं वर आलं की कमरेपासून दातांपर्यंत एकच कळ गेली. पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरी नसावी.

“पुन्हा,” ते म्हणाले.

जावयांनी गाडी वळवून आणली. पुन्हा तेच.

“पुन्हा.”

“बाबा, समोरच्या बाई गॅलरीत येऊन बघतायत. त्यांना वाटेल मी शिकतोय.”

“शिकतोय मीच. न्या परत.”

किती वेळा ते तिथून गेले असतील कोण जाणे. शेवटी उस्तादांनी हात पट्ट्यावरून काढला आणि त्यांचं लक्ष पट्ट्याकडे गेलं. आपणच शिवलेला पट्टा ते इतक्या जवळून आज पहिल्यांदाच बघत होते. कडा अजून शाबूत होत्या. मधला भाग मात्र काळा, गुळगुळीत, पातळ झालेला. आतल्या बाजूने चार बोटांच्या चार खोबणी पडलेल्या, आणि एका जागी टाके झिजून गेलेले. सहज हात ठेवला तर चामडं असं झिजत नाही. असं झिजायला जीव मुठीत धरून ओढावं लागतं.

खाली उतरून, रस्त्यावरच गुडघे टेकून त्यांनी चाकाच्या मागे हात घातला. ड्रायव्हरच्या बाजूची प्लास्टिकची पट्टी दांड्यावर अलीकडेच थांबली होती. दुसऱ्या बाजूची अगदी वर जाऊन, शेवटच्या रबरी ठोकळ्याखाली चिरडून गेली होती. सगळं लख्ख कळलं. गाडी मुळातच नको तितकी खाली. तीही एकाच माणसाचं वजन धरून तोललेली. दुसरं माणूस बसलं की ती बाजू आणखी दबायची, दांड्याला जायला जागाच उरायची नाही, आणि तो जाऊन ठोकळ्यावर आदळायचा. बटणं मऊ केल्याने तर तो अधिकच जोरात आदळत होता. हेच दुखणं घेऊन एखादं गिऱ्हाईक आलं असतं, आणि ‘दोनदा लागतं, आधी मऊ मग टणक’ असं म्हणालं असतं, तर उस्तादांनी त्याला खुर्ची दिली असती, चहा सांगितला असता, आणि ‘वा, काय नेमकं सांगितलंत!’ म्हणून पाठ थोपटली असती.

ते आतल्या खोलीत गेले. काकू पडल्या-पडल्या बाळाच्या टोपड्यांच्या घड्या घालत होत्या.

“तू सांगितलं होतंस,” उस्ताद म्हणाले.

“काय?”

“दोनदा लागतं म्हणून. पहिल्याच दिवशी.”

“हो? असेल सांगितलं.”

“मग पुन्हा का नाही बोललीस?”

काकूंनी घडी घातलेलं टोपडं उशाशी ठेवलं. “पुन्हा काय बोलायचं? तुम्ही पट्टा लावून दिलात की.”

ह्यात टोमणा नव्हता. त्यांनी ते अगदी साधेपणाने म्हटलं.

“आठवडाभर थांब,” उस्ताद म्हणाले. “टॅक्सी बोलावू नकोस. मी नीट करून आणतो.”

“बरं,” काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, “गुडघे झटका. धूळ लागलीय.”

त्या आठवड्यात उस्तादांनी गिऱ्हाइकाच्या एकाही गाडीला हात लावला नाही. स्वतःच्या गाडीच्या जुन्या स्प्रिंगा काढल्या आणि थोड्या लांब, थोड्या मऊ अशा दुसऱ्या घातल्या. आट्यांत बसलेली वर्षानुवर्षांची घाण ब्रशने काढली आणि चारही रिंगा वर चढवल्या. गाडी उचलली. तरुणपणीचा तो बसकेपणा गेला, आता चाकावर आख्खी मूठ शिरायला लागली. वेल्डरने लांब उभं राहून बघितलं.

“उस्ताद, रुबाब गेला हो गाडीचा.”

“जाऊ दे.”

मग त्यांनी कॅनव्हासचं दुसरं पोतं शिवायला घेतलं. वाळू भरायची वेळ आली तेव्हा मात्र अंदाजाने भरता भरता हात मधेच थांबले. किती भरायची? स्वतःचं वजन त्यांना माहीत होतं, वेल्डरचं माहीत होतं, गावभरच्या स्पोर्ट्स कारवाल्यांची वजनं तोंडपाठ होती. त्यांनी मुलीला फोन लावला.

“आईचं वजन किती आहे गं?”

“बाबा, हे काय भलतंच?”

“काम आहे. विचार तिला.”

मुलीने विचारल्याचं ऐकू आलं आणि मागून काकूंचा आवाज आला, “सांग त्यांना, पोतंभर!”

“पोतं माझ्या हातातच आहे म्हणावं,” उस्ताद म्हणाले. “किती भरू ते सांगा.”

पलीकडे मायलेकी हसल्या. काकूंचं ते हसू उस्तादांनी कित्येक दिवसांनी ऐकलं. मग मुलीने इस्पितळात केलेलं वजन सांगितलं, आणि उस्तादांनी तिला पुन्हा सांगायला लावलं, कारण त्यांनी अंदाजाने आधीच जे भरून ठेवलं होतं ते त्याहून बरंच जास्त होतं. त्यांच्या मनातली काकू अजून ती पहिल्या फेरीच्या दिवशीची होती. फोन ठेवून त्यांनी पोत्याचं तोंड उघडलं आणि ओंजळीने वाळू परत काढायला सुरुवात केली. काट्यावर बघायचं, आणखी एक ओंजळ काढायची. बादलीत वाळूचा ढीग वाढत चालला.

दोन्ही पोती सीटवर बसवून बेल्ट लावले. उस्ताद समोर जाऊन उभे राहिले. काचेतून दिसत होतं, दोघं शेजारी शेजारी बसली आहेत, एक जाडसर, एक बारीक, जराशी एकमेकांकडे कललेली.

“धाकट्या काकू शोभतात हो,” वेल्डर हळूच म्हणाला.

“इतके दिवस सुचलं नाही,” उस्ताद म्हणाले.

“कुणालाच नाही सुचलं.”

“कुणालाच म्हणजे? गाडी कुणाची होती?”

त्यानंतर रोज दुपारी वेल्डर गाडी चालवायचा आणि उस्ताद बाजूला बसायचे. काकू आपल्यापेक्षा हलक्या, त्याचा हिशेब धरून काही उरलंसुरलं चुकतंय का ते बघत, डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून. मधेच ‘थांब’ म्हणत, खाली उतरून बटण एक टक्‌ फिरवत, पुन्हा बसत. मुलीच्या गल्लीपासून आपल्या फाटकापर्यंतचा सगळा रस्ता त्यांनी असा बाजूच्या सीटवरून पालथा घातला. शेवटी शेवटी गाडी स्पीडब्रेकरवरून अशी जायला लागली की जणू कुणीतरी खालून तळहात धरला आहे. प्लास्टिकच्या पट्ट्या दोन्हीकडे सारख्या, ठोकळ्यापासून चांगल्या लांब थांबत होत्या. वेल्डर म्हणाला, हे तुमचं आजवरचं सगळ्यात उत्तम काम. उस्तादांनाही ते आतून ठाऊक होतं. इतकंच तर काम होतं. कधीही करता आलं असतं.

शनिवारी संध्याकाळी गाडी धुऊन पुसून झाल्यावर त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि तो पट्टा काढून टाकला. आता तो कशाला? त्याच्याकडे बघवतही नव्हतं. काढून खिळ्यांच्या डब्यात टाकला. दारावर दोन भोकं राहिली तेवढी.

रविवारी मुलीच्या दारातून काकू आल्या, बसल्या, उशी सारली. हात सवयीने दाराकडे गेला आणि तिथे काहीच न सापडून जागच्या जागी थांबला.

“पट्टा कुठे गेला?”

“काढला. आता लागणार नाही.” उस्तादांच्या आवाजात शाळकरी मुलासारखी ऐट होती. “बघच तू.”

“हं,” काकू म्हणाल्या.

गल्लीच्या टोकाचा स्पीडब्रेकर आला. गाडी चढली, उतरली. काही नाही. कसला आवाज नाही. उस्तादांनी हसून शेजारी बघितलं.

काकूंचे डोळे घट्ट मिटलेले होते. दोन्ही पाय गाडीच्या तळाशी रेटलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले. एक हात सीटची कड पकडून होता आणि दुसऱ्या हाताची बोटं दारावरच्या त्या दोन भोकांपाशी चामडं शोधत होती.

“गेला,” उस्ताद म्हणाले. “गेलासुद्धा. लागला का?”

काकूंनी डोळे उघडले. “नाही. खरंच नाही लागला.”

“मग?”

“मग काय?” उस्ताद कशाबद्दल विचारतायत ते त्यांना कळलंच नाही.

पुढे पुलाचा सांधा होता, रस्ता खोदून बुजवलेली जागा होती, बाजारापाशी तीन ओळींचे खरखरीत पट्टे होते. प्रत्येक ठिकाण यायच्या आधी, उस्तादांना ते दिसायच्याही आधी, काकूंचे खांदे वर चढत. रस्त्यातला एकेक खड्डा त्यांच्या अंगाला पाठ होता. बोलता बोलता, नातीची काहीतरी गंमत सांगता सांगता, वाक्य मधेच तुटायचं, पाय रेटले जायचे, बोटं भोकांवर जायची, गाडी पाण्यावरून गेल्यासारखी निघून जायची, आणि काकू पुढचा शब्द उचलून पुन्हा बोलू लागायच्या. आपण थांबलो होतो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

उस्तादांनी वेग कमी केला. मग आणखी कमी केला. मागची गाडी हॉर्न वाजवून पुढे निघून गेली. एकदा त्यांना वाटलं, गिअरवरचा हात उचलावा आणि तिच्या त्या सीटची कड धरलेल्या हातावर ठेवावा. ते तसं करणार होते. पण तेवढ्यात वळण आलं, गिअर बदलावा लागला, आणि मग राहूनच गेलं.

घर आलं. फाटकातून आत येताना एक उंबऱ्याएवढा उंचवटा होता. त्यावरसुद्धा काकूंनी डोळे मिटले. गाडी बंद झाल्यावर त्या कंबर हलवून बघत म्हणाल्या, “छान केलीत हो गाडी. काही दुखलं नाही.”

“खरंच?”

“अगदी काही नाही. लोकांना सांगेन मी.” त्यांनी दार उघडलं. उतरता उतरता थांबल्या. “पट्टा तेवढा परत लावा मात्र. धरायला काही नसलं की कसंतरीच होतं.”

उस्ताद म्हणाले, “लावतो.”

काकू आत गेल्या. स्वयंपाकघरातून भांडी हलवल्याचा आवाज आला, आणि “अहो, हा डबा कधीचा पडलाय इथे?” असं त्या ओरडल्या. उस्तादांनी खिळ्यांचा डबा शोधून पट्टा काढला, फडक्याने पुसला आणि गाडीच्या बाजूच्या सीटवर बसून तो दारावर धरला. चार बोटांच्या खोबणी आतल्या बाजूला येतील असा नीट जुळवून धरला. जुने स्क्रू भोकांत घातले, पण ते नुसतेच गरागरा फिरत राहिले. इतक्या वर्षांच्या ओढीने भोकं मोठी झाली होती. ते उठले आणि जरा जाड स्क्रू शोधायला पुन्हा आत गेले.